रिकाम्या किटलीच्या पुढे

१

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. उलयानाने माझा हात धरून तसं कबूल करून घेतलं होतं, आणि तिला तिच्या बाबांनी बजावलं होतं की आईच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये. पण तिची आई इथून फार लांब, नदीच्या वरच्या अंगाला, कळपासोबत असते. आणि मला हे एकटीला पोटात ठेववत नाही. म्हणून उलयानाने सांगितलं तसंच, माझ्या पदरचं काही न घालता, सांगते.

मार्चच्या सुट्टीत कळपवाल्यांची मुलं घरी जातात. वसतिगृहासमोर स्लेज येऊन थांबतात, रेनडिअरच्या नाकपुड्यांतून वाफा निघत असतात, आणि ज्यांना न्यायला कुणी येत नाही अशा माझ्यासारख्या मुली खिडकीच्या काचेवरचं बर्फ नखाने खरवडून बघत बसतात. उलयानाचे बाबा, प्रोकोपी, नेहमी सगळ्यांच्या शेवटी येतात.

"एवढ्यात सुटली शाळा?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुला अजून भागाकार यायचेत."

"भागाकार कधीच झाले, बाबा."

"मग आता काय शिकवतात? उरलंय काय?"

"भूगोल."

"तो मी तुला रस्त्यातच शिकवतो. बस मागच्या स्लेजवर. आणि नाक झाक, मागच्या वेळेसारखं पांढरं करून घेऊ नकोस. आईला उत्तर मला द्यावं लागतं."

रस्ता म्हणजे नदीच. दुसरा रस्ता नाही. नकाशावर तिला एक लांबलचक नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. आमच्याकडे ती नुसती नदी. गावाजवळ ती पसरट असते, गोट्यांच्या आणि वाळुंजांच्या बेटांमधून तिचे कितीतरी फाटे होतात, आणि कुठला फाटा खरा हे दर वर्षी नव्याने शोधावं लागतं. मग डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. मग येतो घसा, म्हणजे अरुंद खिंड, तिथे वारा कधी थांबत नाही. घशाच्या वर एकेक ओहोळ नदीला येऊन मिळतो. आधी दोन बहिणी, मग जळकं रान, मग रिकामी किटली. रिकाम्या किटलीनंतर डाव्या हाताला एकही ओहोळ नाही. कळपाच्या तळावर पोचेपर्यंत नुसता काळा कडा. हे उलयानाला बोलायला यायच्या आधीपासून माहीत होतं म्हटलं तरी चालेल, कारण आई तिला झोपवताना हीच नावं क्रमाने म्हणायची.

२

नदीने वर जाताना आमच्याकडे एक रीत आहे. ओहोळाच्या तोंडाशी पोचलं की पुढे जाणारा माणूस वाळुंजाची एक काठी तोडून बर्फात रोवतो. काठी सरळ उभी असेल तर मी नदीनेच वर गेलो. ओहोळाकडे झुकलेली असेल तर मी तिकडे वळलो, या. आडवी टाकलेली असेल तर येऊ नका. मागून येणाऱ्याला एवढं पुरतं. आणि जो काठी रोवतो तोच ती परतताना उपटतो, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही.

याच रीतीचं एक शेपूट आहे, ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही. जो माणूस एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटून गेला तरी परत आला नाही, त्याच्यासाठी काठी रोवायची नाही. रोवलेल्या असतील तर उपटून चुलीत घालायच्या.

प्रोकोपींनी त्या उपटल्या नव्हत्या.

उलयानाचा मोठा भाऊ त्रोफिम दोन वर्षांपूर्वी, नदी नुकती गोठत असताना, भटकलेली जनावरं शोधायला गेला. सोळा वर्षांचा होता. दाट धुकं पडलं. त्याचा बसायचा रेनडिअर पाठीवरच्या खोगिरासकट एकटाच तळावर आला. सगळ्यांना वाटलं, पोरगा चालत येईल, कारण आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला पहिली गोष्ट हीच शिकवतात: वाट चुकलास तर डोंगर चढू नकोस, भटकू नकोस. पाणी शोध आणि पाण्याबरोबर चाल. लहान पाणी मोठ्या पाण्याकडे जातं आणि मोठं पाणी माणसांकडे. त्रोफिम हे विसरणारा नव्हता. म्हणून लोक खालच्या अंगाला, नदीच्या काठाकाठाने, गावापर्यंत शोधत आले. तो खाली कुठेच नव्हता.

तेव्हापासून प्रोकोपी प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी तळाच्या दिशेने झुकलेली एक काठी ठेवत आलेत. तिला निळ्या कापडाची पट्टी बांधलेली असते. कापड उलयानाच्या आईच्या जुन्या फडक्याचं, ती कामाच्या वेळी कमरेला बांधायची त्याचं. ते कमी कमी होत चाललंय हे आईला कळत होतं, पण तिने कधी विचारलं नाही.

३

घशाच्या तोंडाशी एक लाकडी खोली आहे, तिथे सगळे मुक्काम करतात. पत्र्याची शेगडी, दोन बाकं, भिंतीच्या फटींत कोंबलेलं शेवाळ. प्रोकोपींनी शेगडी पेटवली, पहिला घास आगीला दिला, गोठलेल्या माशाच्या पातळ चकत्या सोलल्या आणि चहासाठी पेले मांडले. तीन मांडले. उलयानाने पाहिलं. त्यांनी तिन्ही भरले आणि तिसरा स्वतःच प्यायले, जणू दोन पेले प्यायचेच होते.

सकाळी ते निघाले. दोन बहिणी, जळकं रान. प्रत्येक ठिकाणी बाबा उतरून आपली जुनी काठी शोधायचे.

"सापडत नाही," ते जळक्या रानाशी म्हणाले.

"बर्फाखाली गेली असेल."

"असेल. मागच्या ठिकाणीही नव्हती." त्यांनी नवी रोवली. "रेनडिअरने खाल्ली असेल. ही जात शाळेतल्या पोरांसारखी, दिसेल ते चावतात."

उलयाना हसली नाही. वाळुंजाची वाळकी काठी एखादं जनावर खाईल, पण कापडाची पट्टी?

रिकामी किटली ओलांडल्यावर पुढे वाफ दिसायला लागली. यात नवल काहीच नाही. कडाक्याच्या थंडीत नदी तळापर्यंत गोठत जाते आणि आतलं पाणी कोंडतं, मग ते फट शोधून वर येतं आणि बर्फावरून वाहतं. घोट्याएवढं पाणी असतं, वर धुक्याची चादर. पाय भिजले तर बोटं जातात, म्हणून प्रोकोपी स्लेजवरून उतरले आणि लांब काठीने बर्फ ठोकत पुढे चालू लागले. टक, टक, टक. घट्ट बर्फाचा आवाज कोरडा असतो, पोकळ बर्फाचा ओला. उलयाना आवाज ऐकत बसली होती. मग सहज तिने खाली पाहिलं.

पाण्यावर वाळुंजाचं एक पान तरंगत होतं. ते तिच्या स्लेजच्या बाजूने पुढे चाललं होतं. वरच्या दिशेने, डोंगराकडे.

४

उलयाना वर्गात फारशी बोलत नाही, पण विचार नीट करते. तिने आधी हाच विचार केला की वारा असेल. वारा नव्हता. मग तिने मनाशी म्हटलं, बर्फ जागोजागी फुगतो, त्याचा उंचवटा होतो, आणि उंचवट्यावरून पाणी चारी बाजूंना उतरतं, थोडं मागेही. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. तेवढ्याने तिला बरं वाटलं. पण स्लेज पुढे जात राहिली आणि उंचवटा काही येईना. पाणी शांतपणे, घाई न करता, त्यांच्याबरोबर वर चाललं होतं, आणि सगळं डाव्या काठाला गोळा होत होतं.

डाव्या काठाला कडा असायला हवा होता.

"बाबा."

"दिसतंय मला," प्रोकोपी म्हणाले.

कड्याच्या जागी दरी होती. फार मोठी नाही. दोन्ही बाजूंना विरळ सूचीपर्णी झाडं, मध्ये सपाट बर्फ, त्यावरून धूर निघाल्यासारखं धुकं. कुठल्याही ओहोळाचं तोंड असतं तशीच. ती काल-परवा झाल्यासारखी दिसत नव्हती. काठावरचे गोटे गोलसर होते, झाडं म्हातारी होती. उलट, इतकी वर्षं ती आपल्याला कशी दिसली नाही असंच वाटावं. नदीवर आलेलं सगळं पाणी वळून तिच्यात शिरत होतं.

आणि तोंडाशी एक काठी रोवलेली होती, आत झुकलेली. तिला निळी पट्टी होती.

प्रोकोपी काठीजवळ गेले. मग त्यांनी हातमोजा काढून पट्टीला बोट लावलं.

"ही माझीच गाठ आहे," ते म्हणाले. "दोन बहिणींपाशी मारलेली. कापडाचा हा कोपरा जळलेला आहे बघ, शेगडीला लागला होता."

"कुणीतरी तिथून काढून इथे लावली."

"काठ्यांची रीत कुणाला माहीत असते, उलयाना? आपल्याला. आणखी कुणाला?"

धुकं जरा खाली बसलं तेव्हा आत आणखी एक काठी दिसली, तिच्यापुढे आणखी एक. सगळ्यांना निळं कापड. बाबांनी एवढ्या काळात ठेवलेल्या सगळ्या काठ्या असाव्यात. एकीमागे एक, नीट रांगेत, सगळ्या आत झुकलेल्या.

५

"तो आत आहे," प्रोकोपी म्हणाले. आवाज इतका साधा होता की उलयानाला त्याचीच जास्त भीती वाटली. "आता कळलं. आम्ही वेड्यासारखे खाली शोधत बसलो. तो धुक्यात होता. त्याने पाणी शोधलं आणि पाण्याबरोबर चालला. मीच शिकवलं होतं ना त्याला? चालला तो. त्याला वाटतंय, तो खाली येतोय. अजून चालतोय."

"दोन वर्षं, बाबा?"

ते आत धुक्याकडेच बघत होते.

"दोन वर्षं काय खाईल तो? आणि काठ्या त्याने आणल्या असतील तर तो बाहेर येऊन गेला ना. जळक्या रानापर्यंत आला, दोन बहिणींपर्यंत आला. मग घरी का नाही आला?"

"तू फार शिकलीस," प्रोकोपी म्हणाले, पण रागाने नाही. त्यांनी स्लेजच्या कडेचा फास काढला, रेनडिअर पकडायचा कातडी दोर, आणि एक टोक कमरेला बांधायला लागले. "मी लांब जात नाही. त्याला पाण्याच्या उलट यायचं असेल तर खुणा लागतील, बाहेर झुकलेल्या. तेवढ्या रोवतो आणि येतो."

"नका जाऊ."

उलयाना बाबांना एरवी अरे-तुरे करते. ते 'नका' तिच्या तोंडून कसं निघालं हे तिलाही कळलं नाही. प्रोकोपींनी तिच्याकडे पाहिलं.

"दोराचं टोक धर," ते म्हणाले. "दोर संपला की मी थांबेन. तुला शब्द देतो."

"या काठ्या उपट, बाबा. तू लावल्यास, तूच उपटायच्या. वर्ष कधीच उलटलंय. रीत आहे."

"ज्यांची पोरं घरी असतात त्यांच्यासाठी असते रीत."

त्यांनी काठावरून वाळुंजाच्या फांद्या तोडल्या, काखेत घेतल्या आणि पाण्यातून, पाण्याबरोबर, आत चालू लागले.

६

धुक्याने त्यांना लगेच गिळलं. उलयाना दोन्ही हातांनी दोर धरून उभी होती. दोर सरकत होता तोवर ठीक होतं. आतून आवाज येत होता. टक, टक, टक, कोरडा. बाबा बर्फ ठोकत जात होते. मध्ये थांबत, मग खसकन बर्फात काठी शिरल्याचा आवाज, मग पुन्हा टक, टक.

मागे रेनडिअर उभे होते. एरवी थांबले की ते बर्फ उकरून शेवाळ शोधतात. त्यांनी तोंड खाली घातलं नव्हतं.

काही वेळाने तिला वाटलं की ठोकण्याचे आवाज दोन आहेत. एक जवळचा, एक पुढचा. दरीत आवाज आपटून परत येतो, हे तिला माहीत होतं, आणि ती तसं स्वतःला सांगत राहिली. पण प्रतिध्वनी मागून येतो. हा पुढचा आवाज कधीकधी आधी यायचा.

दोर ताणला. थांबला. बाबांनी शब्द पाळला होता.

मग किटलीचं झाकण उचलल्यावर वाफ बाजूला होते तसं धुकं फाटलं. फार वेळ नाही. बाबा दिसले, अगदी स्पष्ट. ते वाकून काठी रोवत होते, तोंड तिच्याकडे होतं. त्यांच्यामागे, थोडा आत, आखूड फरच्या अंगरख्यात, टोपी डोक्यावर ओढलेला आणखी एक जण वाकलेला होता. त्याची पाठ तिच्याकडे होती. तोही काठी रोवत होता. अंगरखा त्रोफिमचा होता; डाव्या खांद्यावरचं ठिगळ आईने तिच्या डोळ्यांदेखत घातलं होतं.

बाबा सरळ झाले. तो सरळ झाला.

बाबांनी उलयानाकडे बघून हात वर केला, आलो म्हणून. त्यानेही हात वर केला. पण त्याचं तोंड आत होतं. तो आत कुणालातरी हात दाखवत होता.

उलयानाने दोर ओढला. सगळा जोर लावून, पाय बर्फात रोवून ओढला. क्षणभर दोर एका माणसाच्या मानाने फार जड लागला. मग सैल पडला, आणि प्रोकोपी धुक्यातून चालत बाहेर आले, गुडघ्यापर्यंत ओले.

"काय झालं? एवढं ओढतात का? कंबर मोडली असती."

"तुझ्यामागे कोण होतं?"

"मागे?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "कुणी नव्हतं. नुसतं धुकं."

शेवटची काठी त्यांनी तोंडाशी रोवली, बाहेर, गावाच्या दिशेने झुकलेली. निळी पट्टी बांधली. जुनी आत झुकलेली काठी मात्र त्यांनी उपटली नाही. दोन्ही एकमेकींना पाठ करून उभ्या राहिल्या.

"आईला सांगायचं नाही," ते स्लेजवर बसता बसता म्हणाले. "आशा लावली की ती झोपत नाही."

७

तळावर सगळं नेहमीसारखं होतं. प्रोकोपी ओले पाय शेगडीला लावून बसले, आई त्यांना बोलत राहिली. म्हातारा झालास, तरी कुठे पाय टाकावा कळत नाही. ते हसत होते. आईने दोन-तीनदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं, कारण ते हसणं तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

सुट्टी संपवून परतताना रिकाम्या किटलीच्या वर, आता उजव्या हाताला, कडा होता. काळा, उभा, बर्फाचा कणही न धरणारा. उलयानाने त्याला हात लावून पाहिला. त्याच्यासमोर बर्फात बाबांची बाहेर झुकलेली काठी होती. दुसरी नव्हती. बाबांच्या काठीवरची पट्टी नव्हती.

हे सगळं तिने मला एप्रिलमध्ये सांगितलं, आमच्या खोलीत, पांघरुणात शिरून. मी तिला म्हटलं की तू घाबरलेली होतीस, धुक्यात बाबांचीच सावली दिसली असेल. ती म्हणाली, असेल. ती ऐकून घेते, भांडत नाही. नंतर म्हणाली, मला दादा हवाय, तैसिया, खूप हवाय, पण तो हात कुणाला करत होता तेवढं मला आधी कळायला हवं. मग आम्ही हा विषय पुन्हा काढला नाही.

आता मे आहे. दोन दिवसांपासून नदीचा बर्फ फुटतोय. रात्रंदिवस तोफा डागल्यासारखा आवाज येतो. या दिवसांत वरून कुणी येत नाही, येऊच शकत नाही. स्लेजला बर्फ नसतो आणि होडीला पाणी नसतं. आज सकाळी प्रोकोपी आले. वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, कसे आलात हो, तर म्हणाले, पाण्याबरोबर चालत आलो. बाई हसल्या. तेही हसले.

त्यांच्याबरोबर एक मुलगा आहे. वसतिगृहाच्या अंगणात, बाकापाशी उभा आहे. सगळे साध्या जाकिटात फिरतायत आणि त्याने फरचा आखूड अंगरखा घातलाय, टोपी पुढे ओढून. मी वरच्या खिडकीतून बघतेय. मला त्याचं तोंड दिसत नाही, पण उंची दिसते. त्रोफिम आता अठरा वर्षांचा असायला हवा. उलयाना पंधराची, आणि ती त्याच्यापेक्षा वितभर उंच आहे. दोन वर्षांत तो बोटभरही वाढलेला नाही.

उलयाना त्याची बाही धरून उभी आहे आणि इतक्या आनंदात आहे की तिला तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. तिने मला आत्ताच हाक मारली. "तैसिया, ये ना खाली, आम्ही निघतोय. दादाला तुला भेटायचंय." मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा हाक मारली. मी काय कारण सांगू? तिच्या बाबांना त्यांचा मुलगा मिळालाय. तो हात कुणाला करत होता हे तिला विचारायला हवं, पण ते सगळ्यांसमोर कसं विचारणार, आणि तिलाच आता ते आठवत असेल, असं तिच्या तोंडाकडे बघून वाटत नाही.

परत बोलावतेय. आले गं, आले. एवढंच सांगून जाते, की मघाशी मी नीट पाहिलं नव्हतं. उलयानाने त्याची बाही धरलेली नाही. त्यानेच तिचं मनगट धरलंय—